दुःखाचा दाखला

दलित आत्मकथनांच्या चर्चेत एक प्रश्न प्रारंभापासून विचारला गेला आहे : ही वेदना कोण वाचतो, आणि कशासाठी वाचतो? ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली, ‘उपरा’ १९८० साली. या पुस्तकांनी मराठी वाचकाला हादरा दिला हे खरेच. परंतु त्याच वाचकाने पुढे आमच्या लेखनाकडे एक ठराविक मागणी लावून धरली. भूक दाखवा, उष्टे दाखवा, आईचे फाटके लुगडे दाखवा. त्यावरचा विचार मात्र आम्ही करू. लेखकाच्या चिंतनापेक्षा त्याचे भोगणे अधिक खपू लागले. हा प्रश्न आता साहित्यापुरता राहिलेला नाही. तो विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात येऊन बसला आहे. म्हणून त्या अर्जाचीही समीक्षा करणे मला आवश्यक वाटते.

मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवतो. खाजगी वा परदेशी विद्यापीठांकडे, आणि दानाच्या पैशावर चालणाऱ्या शिष्यवृत्त्यांकडे अर्ज करणारी मुले आपले मसुदे घेऊन येतात. या योजनांत ‘वंचित पार्श्वभूमीच्या’ विद्यार्थ्याचा विशेष विचार केला जाईल असे आश्वासन असते, आणि त्यासाठी एक निवेदन मागितलेले असते. मुले त्याला ‘एसओपी’ म्हणतात. तुम्ही कोण, कोणत्या परिस्थितीतून आलात, कोणत्या अडचणींवर मात केलीत, हे मोजक्या शब्दांत आणि बहुधा इंग्रजीत लिहावयाचे असते. माझे प्रतिपादन सरळ आहे. विशेष विचार हवाच. तो आमचा हक्क आहे. पण तो विद्यार्थ्याच्या दुःखकथनाच्या कौशल्यावर अवलंबून असता कामा नये. ज्या व्यवस्थेने त्याला मागे ठेवले तिचे अपयश मोजावे. त्याचे अश्रू मोजू नयेत.

प्रथम शब्दाचा विचार करू. आमच्याकडे या साऱ्याला सरसकट ‘सवलत’ म्हणतात. कॉलेजच्या कार्यालयात ‘सवलतवाले’ असा उल्लेख ऐकतच आमच्या पिढ्या शिकल्या. दुकानदार सवलत देतो, एस.टी.च्या तिकिटात सवलत मिळते. देणारा मोठा आणि घेणारा उपकृत. वस्तुतः ज्या कलमावर विद्यापीठातील राखीव जागा उभ्या आहेत, त्या १५(४) मध्ये शब्द आहे तो ‘विशेष तरतूद’ असा. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास राज्याची जातवार प्रवेशपद्धती सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने हे उपकलम संविधानात आले. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. तरतूद ही अंदाजपत्रकात असते, कायद्यात असते. तिच्यासाठी कुणाच्या पाया पडावे लागत नाही.

बाबासाहेबांनीही एक निवेदन लिहिले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणाची मागणी कशी मांडली आहे ते आजच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगे आहे. सरकार अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणावर सरकारी तिजोरीतून काय खर्च होतो, असा तो हिशेबाचा सवाल आहे. ज्या माणसाला बडोद्यात पाणी मिळाले नाही, राहावयास जागा मिळाली नाही, त्याने त्या निवेदनात आपली कहाणी सांगितली नाही. त्याने ताळेबंद मांडला. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या मांडणीतून. ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ म्हणून आज ती वस्त्यावस्त्यांत ठाऊक आहे.

या शिष्यवृत्तीला आणि राखीव जागेला कागद लागतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. कागदांच्या छळाविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि ते योग्यच आहे. पण कागदाचा एक गुण आपल्या ध्यानात येत नाही. कागद माणसाला बोलते करीत नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनाला तुमच्या बापाच्या दारूची, बहिणीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट ऐकावी लागत नाही आणि तुम्हाला ती सांगावी लागत नाही. दाखला खरा असेल तर जागा तुमची. त्या कोरडेपणात माणसाची एक प्रतिष्ठा राखली जाते.

याचा अर्थ कागद निष्पाप आहे असा मुळीच नाही. त्याने काय अन्याय केला हे पाहण्यासाठी यवतमाळसारखा दुसरा जिल्हा शोधावयास नको. १९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत विदर्भापुरते क्षेत्रबंधन होते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ हे तालुके, एवढ्याच भूमीवरचा गोंड, कोलाम, परधान हा संविधानाच्या यादीत आदिवासी. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात पाच तालुके होते. दारव्हा आणि पुसद हे उरलेले दोन यादीबाहेर राहिले. म्हणजे केळापूरचा गोंड आदिवासी आणि त्याचाच पुसदमधला सोयरा आदिवासी नव्हे! नवरी म्हणून यादीतल्या तालुक्यातून बाहेरच्या तालुक्यात गेलेल्या बाईची मुले यादीबाहेर जन्मली. १९७६ च्या कायद्याने हे बंधन उठविले, तोवर वीस वर्षे गेली होती. त्या वीस वर्षांत दारव्हा-पुसदमधील ज्या मुलांची शाळा सुटली त्यांना कुणी ती वर्षे परत दिली नाहीत.

पैनगंगेचा काठ घ्या. नदीपलीकडे, पूर्वीच्या आंध्रात आणि आजच्या तेलंगणात, लंबाडा ही अनुसूचित जमात आहे. नदीअलीकडे उमरखेडच्या तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो आणि केंद्रीय विद्यापीठाच्या दारात इतर मागासवर्गात. बोली एक, गोत्रे एक, दाखले तीन. शिवाय त्याला आपली जात सिद्ध करण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा आणावयाचा असतो. ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत होते, त्यांच्याकडे कोणत्या गावचा जुना कागद असणार? आणि आम्ही बौद्ध? १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्या क्षणापासून केंद्राच्या लेखी आम्ही अनुसूचित जातीचे उरलो नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सोयी दिल्या, पण केंद्राची यादी दुरुस्त व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. तोवर घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर जुनी जात, असे दुहेरी जिणे अनेकांनी पत्करले.

इतके सांगून मी कागदाची बाजू का घेतो? कारण असे की, या तिन्ही अन्यायांविरुद्ध लढता आले. क्षेत्रबंधन हा नियम होता. नियम उघड असतो, त्याच्यावर मोर्चा नेता येतो, संसदेत प्रश्न विचारता येतो, तो बदलता येतो. १९७६ आणि १९९० ही त्याची साक्ष आहे. बंजाऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही, पण तो काय आहे हे तरी सर्वांना दिसते. याउलट, निवेदन वाचणाऱ्या निवड समितीच्या सभासदाला तुमची कथा भिडली नाही, तर त्याच्याविरुद्ध अपील कुठे करणार? वाचकाच्या अभिरुचीवर मोर्चा नेता येत नाही.

आता त्या मसुद्यांकडे वळतो. मी वाचलेल्या मसुद्यांत एक साचा दिसतो. बाप शेतमजूर किंवा कोरडवाहू कापूसवाला, आई मूक, कष्टाळू, घर कुडाचे, दिवा मिणमिणता, एक देवमाणूस मास्तर, आणि शेवटी आपण शिकून समाजाची सेवा करणार असे वचन. यातले बहुतेक खरेच असते. पण विद्यार्थी ते खरे म्हणून लिहीत नाही, ‘चालते’ म्हणून लिहितो. त्याच्या आधी निवडल्या गेलेल्यांचे नमुने त्याने वाचलेले असतात. जे चालत नाही ते तो स्वतःच गाळतो. मास्तरांशी घातलेला वाद गाळतो. ग्रंथालयातून आणून रात्रभर वाचलेल्या पुस्तकावरचे आपले मत गाळतो. शिष्यवृत्ती थकली म्हणून काढलेला मोर्चा गाळतो. भीमजयंतीत रात्रभर नाचल्याचा आनंदही गाळतो, कारण वंचिताने आनंदी असणे समितीला पटेल की नाही याची त्याला शंका असते. उरतो तो एक सोशीक, कृतज्ञ, निरुपद्रवी गरीब. प्रस्थापित समाजाला दलित माणूस नेहमी असाच हवा होता.

आमच्या जिल्ह्यातील मुलाला आणखी एक जाच आहे. यवतमाळ म्हटले की बाहेरच्यांना शेतकऱ्याची आत्महत्या आठवते. तेव्हा निवेदनात ती असावी अशी एक न बोललेली अपेक्षा असते. या जिल्ह्याने मृत्यूचेही वर्गीकरण पाहिले आहे. शेतकऱ्याने जीव दिल्यावर सरकारी समिती बसते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरविते : जमीन होती काय, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय. दुसऱ्याची जमीन ठोक्याने वाहणारा, विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतलेला भूमिहीन दलित वा आदिवासी या चौकटीत सहसा बसत नाही. तो मेला तरी अपात्र. त्याच घरातले पोर अर्ज लिहावयास बसते तेव्हा त्याला दुःखाची पात्रता म्हणजे काय ते कुणी शिकवावे लागत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचीही येथे आठवण होते. उद्घाटनासाठी बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले आणि उद्घाटन एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. विचार अडचणीचा झाला तेव्हा वेदनेला पाचारण केले गेले, असे मला त्या वेळी वाटले. परंतु त्या बाईंनी व्यासपीठावर रडगाणे गायिले नाही. त्यांनी व्यवस्थेवर बोट ठेवले. बोलावणाऱ्यांनी काहीही योजलेले असो, दुःख भोगणारे माणूस विचारही करते हे त्यांनी दाखवून दिले. निवड समित्यांना नेमके हेच शिकावयाचे आहे.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. झरी-जामणी वा मारेगावच्या पोडावरच्या कोलाम मुलीची घरची बोली कोलामी. ती द्राविडी कुळातली. आश्रमशाळेत ती मराठी शिकली, म्हणजे तिच्या दृष्टीने परकीच भाषा शिकली. आता तिने आपल्या आजीचे आयुष्य इंग्रजीत सांगावयाचे! तीन भाषांच्या पायऱ्या उतरून समितीपर्यंत जे पोचते ते तिचे म्हणता येईल काय? जी शहरी शाळेत शिकली, जिच्या घरी कुणी अर्ज तपासून देणारे आहे, ती थोड्या अडचणीचेही सुरेख वाङ्मय करील. ही कोलाम मुलगी डोंगराएवढे सोसूनही चार ओळी लिहील. योजना जिच्यासाठी आहे तिलाच ती गाळून टाकील.

यवतमाळातूनच राजू केंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘एकलव्य’ हा उपक्रम उभा केला. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांना देशातील नामांकित संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करणे हे त्याचे काम. ते मोलाचे आहे. कोणती संस्था आहे, अर्ज कधी निघतो, मुलाखतीत काय विचारतात, हे ज्ञान आजवर काही घरांची मिरास होते. ते वाटले गेले पाहिजे. पण विशेष विचाराच्या दारापर्यंत जाण्यासाठी विशेष प्रशिक्षण लागत असेल, तर दोष दाराचा आहे. द्रोणाचार्याने अंगठा मागितला होता. आजचा द्रोणाचार्य अंगठा कसा तुटला त्याची गोष्ट मागतो, आणि ती रंगली तर प्रवेश देतो.

ही केवळ आपल्याकडची स्थिती नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यात वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. मात्र त्याच निकालात म्हटले की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिल्यास विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते. अर्थ स्पष्ट आहे. समूह म्हणून हिशेब मागावयाचा नाही. व्यक्ती म्हणून हकिकत सांगावयाची. शेकडो वर्षांच्या गुलामगिरीचा प्रश्न कृष्णवर्णीय मुलाच्या एका निबंधात आटोपला. आपल्याकडे राखीव जागांच्या विरोधात जे बोलतात त्यांनाही हेच हवे आहे. खाजगी विद्यापीठांच्या वाढत्या काळात ते मागच्या दाराने येतेही आहे.

दुसरी वाट नाही असे मात्र नाही. अमेरिकेतच टेक्सास राज्याने १९९७ साली कायदा केला की राज्यातील प्रत्येक शाळेतील पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळेल. शाळा गरीब वस्तीतली असो वा श्रीमंत. तिथे कुणाला कहाणी सांगावी लागली नाही. आणि आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत वंचिततेचे गुण देण्याची रीत पाडली. ती १९८३ साली मोडीत निघाली. विद्यार्थ्यांच्या लढ्यानंतर पुढच्या दशकात परत आली. विद्यार्थी ज्या जिल्ह्यातून परीक्षा उत्तीर्ण झाला त्या जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता, शेतीवर राबणाऱ्यांचे प्रमाण, ग्रामीण लोकसंख्या, घरात शौचालय नसणे, असे जनगणनेतील आकडे घेऊन जिल्ह्यांची प्रतवारी केली जाई आणि मागास जिल्ह्यातील मुलाला काही गुण अधिक मिळत. २०१७ साली संशोधन पदव्यांच्या प्रवेशातून हे गुण काढून टाकण्यात आले.

या पद्धतीत मला एक मोठी नैतिक सूझ दिसते. जिल्ह्याचा नकाशा १९५६ साली आमच्याविरुद्ध वापरला गेला होता. इथे तो आमच्या बाजूने वापरला गेला. मागासलेपण हे मुलाच्या अंगाला चिकटलेले लांच्छन नसून राज्यकर्त्यांनी त्या भूमीत शाळा, रस्ता, नळ न नेल्याचा परिणाम आहे, असे त्या गुणांनी मान्य केले. अर्थात जिल्हा हे माप ढोबळ आहे. यवतमाळ शहरातल्या बंगल्यातील मुलगा आणि झरीच्या पोडावरची मुलगी त्यात सारखीच ठरतात. माप तालुक्यावर, शक्यतो शाळेवर आणले पाहिजे. आणि भूगोलात जात विरघळत नाही हेही विसरून चालणार नाही. पुण्याच्या झोपडपट्टीतील सफाई कामगाराचे पोर ‘प्रगत’ जिल्ह्यातच राहते. म्हणून हे गुण राखीव जागांच्या जोडीने हवेत, त्यांच्या ऐवजी नव्हेत.

कुणी म्हणेल, आकडे आंधळे असतात; पोरक्या मुलीचे, परित्यक्तेच्या लेकीचे दुःख कोणत्या तक्त्यात बसणार? आक्षेप रास्त आहे. अशा विद्यार्थ्याला सांगावयाचे असेल तर जागा जरूर ठेवावी. पण ती ऐच्छिक असावी, त्याच्या भाषेत असावी आणि हिशेब पुरा झाल्यानंतर असावी. आणि निवेदन घ्यावयाचेच तर प्रश्न बदलावा. तू काय सोसलेस, असे विचारू नये. तू काय वाचलेस, तुला कशाचा राग येतो, तुझ्या गावातला कोणता प्रश्न तू सोडवू पाहतोस, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे आमची मुले फर्डी देतात. मराठीत देऊ दिली तर अधिकच.

हा आग्रह का, ते शेवटच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे. २०२२ साली तिच्या नियमांत बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. म्हणजे अर्जात जात सिद्ध करा, पण परदेशी जाऊन जातीचा अभ्यास करू नका! १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. ९ मे १९१६ रोजी त्याने तिथल्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. आजच्या नियमाने त्या विषयाला ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. जातीची शिकार म्हणून आम्ही चालतो, जातीचे अभ्यासक म्हणून चालत नाही. निवेदन मागणारी दानशील संस्था आणि विषय वगळणारे सरकार यांचा हेतू निराळा असेल. आमच्याकडून त्यांना जे हवे आहे ते मात्र एकच आहे. वेदना द्या, विचार ठेवा.

कार्यकर्त्यांनी या योजनांचे नियम मागवून वाचावेत आणि त्यांत गुण कशाला दिले जातात ते जाहीरपणे विचारावे. शिक्षकांनी मसुदा दुरुस्त करताना मुलाचा राग खोडू नये. आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, अर्ज भरा. एकही जागा सोडू नका. ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या श्रमाची थकबाकी आहे. पण आपले आयुष्य अर्जात संपवून टाकू नका. आईची, वस्तीची, पोडाची गोष्ट ज्या दिवशी सांगावीशी वाटेल त्या दिवशी, आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत आणि शब्दांची मर्यादा न पाळता लिहा. तिच्यावर गुण देण्याचा अधिकार कुणालाही नाही.